तोंडाची पीटी

मुकुटबनच्या बसथांब्यावर आमच्या सरांना कुणी "सर, बरे आहात ना?" असं विचारलं, तर ते उत्तर देत नाहीत. विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात, गळ्यातली शिट्टी बोटानं बाजूला सारतात आणि म्हणतात, "माझं राहू दे. तू तोंड उघड. तीन बोटं घाल."

बोटं ज्याची त्यानं आपली घालायची. अंगठ्याशेजारचं, मधलं आणि त्यापुढचं, एकमेकांना चिकटवून, उभी. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये ती सुखानं मावली पाहिजेत. मावली तर सर "जा" म्हणतात. नाही मावली तर त्या माणसाची सुटका नाही. एकदा पांढरकवड्याची गाडी सुटायला आली होती, कंडक्टर घंटी मारत होता, आणि एक बाप्या पायरीवर एक पाय ठेवून, तोंडात दोन बोटं अडकवून उभा होता.

"सर, गाडी चालली ना!"

"गाडी दुसरी येते. जबडा दुसरा येत नाही. कवापासून झोंबते बे तिखट तोंडाले?"

तो उतरला. गाडी गेली. कंडक्टर खिडकीतून हसत होता, पण वळणावर गाडी गेल्यावर त्याचाही हात हळूच तोंडाकडे गेलेला मी पाहिला.

गावात सरांना सरकलेला म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात माझे नातेवाईकही आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. एवढंच सांगते, की आमच्या गावात शहाणे लोक खूप झाले आणि ते सगळे पानठेल्यावर उभे आहेत.

सर शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. शर्ट पँटमध्ये खोचलेला, कॅनव्हासचे बूट खडू घासून पांढरे केलेले. सायकलला घंटी नाही; शिट्टी असताना घंटी कशाला, असा त्यांचा हिशेब. लग्नात अक्षता टाकताना शिट्टी शर्टावर, मयतीला गेले तर शर्टाच्या आत. खुर्चीला पाठ टेकलेली मी त्यांना कधी पाहिली नाही. जेवताना बोलत नाहीत आणि बोलताना बसत नाहीत. त्यांचा तांडा गावापासून जवळच आहे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता सगळा तांडा कापूस आणि तुरीचा शेतकरी झाला आहे. घरात बंजाऱ्यांची गोर बोली, बाहेर वऱ्हाडी. पण शिट्टीची भाषा एकच, आणि ती तांड्यातल्या कोंबड्यांनाही कळते.

त्यांची आणखी एक सवय होती, जिचा अर्थ मला फार उशिरा कळला. विचारात पडले की ते शिट्टी डाव्या तळव्यावर ठेवत आणि उजव्या अंगठ्यानं घासत राहत. नवा माणूस लांबून हे बघे आणि म्हणे, "मास्तर दुसऱ्याले शिकवून राह्यला अन् सोता घोटून राह्यला."

घोटणं म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून ठेल्यावरच्या पाटीवर खसाखसा घासतात. त्याला घोटणं म्हणतात आणि जे तयार होतं त्याला खर्रा. आमच्याकडे सोयरा आला की खर्रा. बैलाचा सौदा ठरला की खर्रा. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण मिटलं की दोघांनी एकाच पन्नीतली चिमूट घ्यायची. मग ते भांडण पुन्हा उकरायचं नाही. मयतीच्या मांडवातही पन्नी या हातातून त्या हातात फिरते. जो घेत नाही तो गर्विष्ठ, नाहीतर बायकोच्या धाकातला. हे विकायला बंदी आहे, असं म्हणतात. बंदी कागदावर आहे आणि ठेला रस्त्यावर आहे. दोघांची आजवर भेट झालेली नाही.

याला लोक शौक म्हणतात. मला या शब्दाची चीड आहे. शौक गाण्याचा असतो, कुस्तीचा असतो. ज्या गोष्टीनं माणसाच्या गालाची आतली कातडी चामड्यासारखी घट्ट होते, तोंड दिवसेंदिवस मिटत जातं आणि काहींच्या नशिबी त्याच जागी कॅन्सर येतो, तिला शौक म्हणणाऱ्या माणसाच्या खिशात एक तर पन्नी असते किंवा पन्नीचा धंदा.

हे मी इतक्या जोरात लिहिते आहे, कारण मी जोरात बोलणाऱ्या घरात वाढले. आमच्या घरी पत्रकं असायची. बाजेखाली पत्रकं, तुरीच्या कोठीवर पत्रकं, आईच्या पिठाच्या डब्याखाली सपाट राहावीत म्हणून ठेवलेली पत्रकं. इतर मुलं कमळाच्या क पासून वाचायला शिकली. मी पहिला शब्द वाचला तो 'जाहीर'. बाबा शेती करत आणि उरलेला सगळा वेळ भांडत. वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक ताडपत्री टाकत नाहीत, त्यावर पत्रक. फवारणीच्या मजुराला मालकानं मास्क आणि हातमोजे दिले पाहिजेत, त्यावर पत्रक. पत्रक लिहायची आई, वाचून दाखवायचे बाबा. त्यांना माईक लागत नसे. बाजाराच्या दिवशी ते टपालपेटीजवळच्या ओट्यावर चढले की भाजीवाल्या बाया तराजू थांबवत. "माणसाच्या जिवाची किंमत..." एवढं ते म्हणत आणि थांबत. "मोजावीच लागेल!" हे पुढचं सगळा बाजार म्हणे.

आणि बाबांच्या सदऱ्याच्या खिशात, पेनाच्या मागे, पन्नी असे.

मी दहावीत होते तेव्हा सरांनी आम्हाला एक गृहपाठ दिला. पीटीच्या तासाला कोणी गृहपाठ देतं का? सरांनी दिला. "आज घरी जाऊन मोठ्या माणसाईची बोटं पाहा. बाप, काका, आजा. मायचीही पाहा, तंबाखूचा गुडाखू दाताले घासत असन तर. लिहायचं काही नाही. उद्या लाइनीत उभं राहून सांगायचं."

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "बाबा, तोंड उघडा."

"काहून? दात मोजते काय माये?"

ते हसले, हात धुऊन आले आणि मोठ्या थाटात तीन बोटं तोंडाशी नेली. बोटं दातांवर आपटली. मग दोन नेली. दोन गेली, पण घासत. बाबांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "काल मोर्च्यात लय बोललो ना. जबडा आखडला असन."

आई चुलीपाशी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण भाकरी थापायचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी लाइनीत मुलांनी आकडे सांगितले. कुणाचा बाप तीन, कुणाचा काका अडीच. हशा पिकत होता. माझी पाळी आली तेव्हा मी "दोन" म्हणाले आणि हशा थांबला, कारण बाबांना सगळे ओळखत होते. सरांनी शिट्टी तळव्यावर घेतली आणि घासत राहिले.

संध्याकाळी त्यांची सायकल आमच्या अंगणात आली.

"राम राम, नेताजी."

"या या, सर. बसा." बाबांनी बाज पुढे ओढली आणि रीतीप्रमाणे खिशातली पन्नी काढून सरांपुढे धरली. सवयच ती. पाहुण्यापुढे हात आपोआप जायचा.

सरांनी पन्नी घेतली. हातात तोलली. बसले नाहीत. "तुमचं धुळीवरचं पत्रक वाचलं. चांगलं हाय. ट्रकवाल्याच्या धुळीनं माणसाची छाती जाते, खरं हाय. पण भाऊ, ट्रकवाला धूळ फुकट तरी देते. हे तं तुम्ही इकत घेऊन राह्यले."

"सर, ते व्यवस्थेचं आहे. हे आपलं घरगुती."

"तोंड व्यवस्थेच्या बाहेर हाय काय?"

आतून आईचा आवाज आला, "सांगा सर, सांगा. आमचं कोन आयकते इथं!"

बाबांचा चेहरा तापला. "पण तुम्ही हे बराबर नाही केलं. लहान पोरीले बापावर पाळत ठेवाले लावता?"

"पाळत नाही, भाऊ. मी पोरीले बाप राखाले लावला."

"सोडतो ना. उद्या सोडतो."

"उद्या कोणत्या साली येते तेवढं सांगून ठेवा. मी सायकल घेऊन येतो."

पन्नी बाजेवर ठेवून सर गेले. बाबांनी ती उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि घराच्या मागे गेले. ते ती फेकायला गेले असं मला वाटलं. तसं झालं नाही.

त्यानंतर आमच्या घरात एकच गोष्ट घडत होती आणि तिच्याकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. बाबांचं तोंड मिटत चाललं होतं. आधी ठेचा गेला, झोंबतो म्हणाले. मग भाकरी दह्यात कुस्करून खायला लागले. जांभई देताना हनुवटी धरायचे. आणि एका बाजाराच्या दिवशी ओट्यावर चढून त्यांनी "माणसाच्या जिवाची किंमत" म्हटलं, तेव्हा शब्द दातांमागेच राहिल्यासारखे झाले. मागच्या ओळीतली एक बाई म्हणाली, "काय म्हन्ते गा?" पुढच्या सभेला बाबांनी माईक मागवला. लोक म्हणाले, संघटना मोठी झाली, माईक आला. मला आणि आईला माहीत होतं, माईक कशासाठी आला ते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरांच्या मुलीची सगाई ठरली. सरांनी आम्हाला बोलावलं होतं. बाबा जायला तयार नव्हते, आई म्हणाली, "ज्याच्या संग भांडलो त्याच्या घरच्या गुळाले नाही म्हनू नये." म्हणून गेलो.

तांड्याची रीत अशी, की सगाईत दोन्हीकडची माणसं एका ताटातला गूळ खातात. गूळ तोंडात गेला की सोयरीक पक्की. मग मागे फिरणं नाही. अलीकडे गुळाच्या ताटाशेजारी खर्र्याच्या पन्न्यांचंही ताट मांडायची पद्धत पडली आहे. सरांच्या मांडवात ते दुसरं ताट नव्हतं. पाहुणे पुसदकडच्या तांड्यातले होते. मुलाचा बाप वणीत कोळशाचा ट्रक चालवणारा, धिप्पाड, मिशा वळवलेला माणूस. तांड्याचे प्रमुख, नाईक, मधे बसले होते. त्यांनी गुळाचं ताट उचललं, आणि शिट्टी वाजली.

मांडवातले हात जिथल्या तिथे थांबले. कोंबड्यासुद्धा थांबल्या.

"नाईक, जरा थांबा," सर म्हणाले. ते आपल्या बोलीत सुरू झाले, मग आम्ही पाहुणे आहोत म्हणून वऱ्हाडीवर आले. "गुळाच्या आधी माझी एक परीक्षा हाय. सोपी हाय. तीन बोटं."

मुलगा समजूतदार होता. उठला आणि लाजत लाजत तीन बोटं घातली. मावली. "पोरगा पास!" कोणीतरी ओरडलं आणि हशा झाला. सर हसले नाहीत. ते मुलाच्या बापापुढे जाऊन उभे राहिले.

"आता तुम्ही."

"मी?" त्या माणसाच्या गालात खर्रा होता, त्यामुळे आवाज जाड येत होता. "सर, लग्न मी करून राह्यलो काय?"

"नाही. पण मले नुसता जावई नको. माझ्या पोरीले सासरा पाह्यजे, विहिणीले नवरा पाह्यजे, होणाऱ्या नातवाले आजा पाह्यजे. मी माणूस पाहून सोयरीक करून राह्यलो, फोटो पाहून नाही."

हशा विरला. पाहुण्यांपैकी एक जण उठून उभा राहिला. "हा अपमान हाय! आम्ही इथं तोंड दाखवाले आलो काय, जनावराच्या बाजारातल्यासारखं?" दुसरा चपला शोधायला लागला. जीपवाला पोरगा चावी खेळवत उभा राहिला. नाईकांनी ताट खाली ठेवलं. सरांची बायको दारात उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला होता आणि डोळ्यांनी नवऱ्याला जे काही सांगत होती ते कुठल्याही बोलीत कळण्यासारखं होतं.

तेव्हा त्यांची मुलगी बाहेर आली. नवरीनं असं बाहेर यायचं नसतं. ती होणाऱ्या सासऱ्यापुढे आली आणि खाली बसली.

"काका, रागावू नका. माझ्या बापूले मोठा भाऊ होता. होळीले लेंगीची गाणी म्हणाचा. त्याचा आवाज पलीकडच्या तांड्यावर जायचा म्हणतात. शेवटी शेवटी त्याच्या तोंडात चमचा जात नव्हता. त्याची याडी, माझी आजी, त्याले नळीनं पेज पाजाची."

तिनं वडिलांकडे पाहिलं. पुढचं तिला माहीत नव्हतं, हे नंतर तिनंच मला सांगितलं.

सरांनी शिट्टी तळव्यावर घेतली होती. अंगठा चालू होता. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "भियाले, माझ्या भावाले, म्याच घोटून देत होतो. लहानपणापासून. त्याले माझ्याच हातचा लागे. घोटाले हात लय चांगला होता माझा."

इतकंच. त्यांनी हे याआधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि नंतरही सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

आणि मग माझ्या शेजारची सतरंजी हलली. बाबा उभे राहिले होते. बाबा उभे राहिले म्हणजे भाषण, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे; माना वळल्या. मीही भाषणाचीच वाट बघत होते. बाबांनी खिशातली पन्नी काढून सतरंजीवर ठेवली. मग उजवा हात वर केला आणि बोटं तोंडाकडे नेली. तीन गेली नाहीत. दोन गेली नाहीत. दुसरं बोट अर्ध्यात अडकलं, आणि बाबा तसेच उभे राहिले, सगळ्यांना नीट दिसेल असे, डावीकडे वळून, मग उजवीकडे वळून. एक शब्द बोलले नाहीत.

मी बाबांची शेकडो भाषणं ऐकली आहेत. त्यांच्या घोषणांवर मी मोठी झाले. पण मला कोणी विचारलं की तुझ्या बापाचं सगळ्यात मोठं भाषण कोणतं, तर मी हेच सांगीन.

ट्रकवाला सोयरा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठला, मांडवाच्या बाहेर कडुलिंबाखाली जाऊन थुंकून आला, चूळ भरली आणि बोटं घातली. "माझी बी दोन जात नाही, सर," तो म्हणाला, आणि हा एवढा मोठा माणूस एकदम लहान पोरासारखा दिसायला लागला. त्याच्यामागून नाईकही उठले आणि लिंबाकडे चालू लागले. म्हातारबांच्या गालातही होताच.

"परीक्षा झाली," सर म्हणाले. "नापास कोणालेच करत नाही मी. सोमवारी तुम्ही दोघं माझ्यासंग दवाखान्यात याचं. आता गूळ वाटा."

नागपूरच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर अगदी तरुण होती. तिनं बाबांच्या गालाच्या आतला इवलासा तुकडा तपासायला पाठवला. तो अहवाल येईपर्यंत आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणाली, "वेळेत आलात असं मी म्हणणार नाही, पण फार उशीरही झालेला नाही. जे आखडलंय ते सगळं परत मिळणार नाही. खर्रा कायमचा बंद, सुपारीसुद्धा नाही. औषध घ्या, मधूनमधून दाखवायला या आणि तोंडाचा व्यायाम रोज करा." तिनं लाकडी पट्ट्यांची चळत दाखवली. दातांमध्ये बसतील तेवढ्या धरायच्या आणि जमेल तशी एकेक पट्टी वाढवत न्यायची.

"व्यायाम?" सर मागे उभे होते, ते पुढे आले. "मॅडम, मग हे माझ्या खात्यातलं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आईस्क्रीमच्या काड्या घेऊन आले. बाजारातल्या आईस्क्रीमवाल्याकडून कोऱ्या आणल्या होत्या, घरी उकळून उन्हात वाळवल्या होत्या. बाबांना त्यांनी अंगणात, पाठ ताठ करून उभं केलं. शिट्टी. "खोल!" शिट्टी. "थांब... थांब... डोळे काहून मिटता, तोंड उघडाचं हाय!" शिट्टी. "बंद!" बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कुंपणावर पोरांची गर्दी व्हायची आणि सर त्यांनाही सोडत नसत. सगळ्यांना रांगेत उभं करून तोंडं उघडायला लावत. ट्रकवाला सोयरा इकडून जाताना गाडी बाजूला घ्यायचा, तोंड धुवायचा आणि लाइनीत लागायचा. गावानं याला नाव दिलं, तोंडाची पीटी.

हे सोपं होतं असं कुणाला वाटू नये. बाबा एकदा घसरले. मला वास आला, सरांनाही आला. सर रागावले नाहीत. ती सगळी सकाळ ते बाबांना घेऊन पानठेल्यासमोर बसले. "तलफ आली की मले सांगा," म्हणाले. आली की उठवायचे आणि बसथांब्यापर्यंत चालवून परत आणायचे. ठेलेवाला वैतागला. "सर, माझ्या धंद्यासमोर कायले बसता? गिऱ्हाईक तुमाले पाहून पळून राह्यलं!"

"म्हणूनच बसलो ना बे. तुझी किती जातात, दाखव."

बाबा सांगतात की तलफेपेक्षा अवघड होती पन्नी. सभेत ती फिरत यायची, आणि ते चिमूट न घेता पुढे द्यायचे तेव्हा जुन्या सोबत्यांच्या नजरा बदलायच्या. जणू त्यांनी माणसंच नाकारली. यावर सरांनी शोधलेला उपाय इतका साधा होता की मला हसू आलं. पुढच्या सभेला ते आले ते फुटाण्यांची पन्नी घेऊन. तशीच गाठ मारलेली, तशीच या हातातून त्या हातात फिरणारी. "एका पन्नीतलं खाल्लं म्हणजे भाऊ झाले ना? मग खा फुटाणे." पहिल्यांदा लोक हसले. आता आमच्या सभेत दोन्ही पन्न्या फिरतात, आणि फुटाण्यांची आधी रिकामी होते.

मी त्या वेळी खर्र्यावर एक पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं, आईची मदत न घेता. पेटलेलं होतं, त्यात धंदेवाले होते, बंदीचा कागद होता, लोकांच्या घशावर उभारलेल्या बंगल्यांचा उल्लेख होता. सरांनी ते उभ्या उभ्या वाचलं. "चांगलं हाय. पण लय मोठं झालं. वाचेपर्यंत माणूस एक खर्रा खाऊन घेते." मी चिडले. मग सगळं खोडलं आणि एवढंच ठेवलं: तोंड उघडा. तीन बोटं घाला. जात नसतील तर दवाखान्यात जा. एकटं वाटत असेल तर आमच्या अंगणात सकाळी या. आमच्या घरातून निघालेलं सगळ्यात लहान पत्रक हेच, आणि पुन्हा छापायला लागलेलं एकमेव.

यंदा कोळशाच्या ट्रकांच्या प्रश्नावर पुन्हा सभा झाली, त्याच ओट्यावर. आमचा ट्रकवाला सोयरा ताडपत्री टाकलेली गाडी कडेला लावून पुढच्या ओळीत बसला होता. बाबा ओट्यावर चढले. पोरानं माईक पुढे केला. बाबांनी तो हातात घेतला, बघितला आणि परत दिला.

"माणसाच्या जिवाची किंमत..."

आवाज पूर्वीसारखा नव्हता. कडेला थोडा फाटलेला, थोडा आखडलेला. पण तो टपालपेटी ओलांडून भाजीवाल्यांपर्यंत गेला. तराजू थांबले, आणि पुढचं सगळा बाजार बोलला. आई माझ्या शेजारी उभी होती. ती घोषणा देत नव्हती. नुसती बाबांच्या तोंडाकडे बघत होती.

मी मागे वळून सरांना शोधलं. ते गर्दीच्या पार मागे, सायकल धरून, ताठ उभे होते. बाबांनीही त्यांच्याकडेच पाहिलं. मला वाटलं, आज तरी सर टाळी वाजवतील. सरांनी हात वर केला. दोन बोटं सरळ होती आणि तिसरं अर्ध्यात मोडलेलं.

अडीच.

मग त्यांनी शिट्टी बोटानं बाजूला सारली, सायकलवर टांग टाकली आणि जाता जाता आमच्या अंगणाच्या दिशेनं हात केला. उद्या सकाळी, असा त्याचा अर्थ.